विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस: एकाच प्रोग्राममधून यूएसबी उपकरणांची यादी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकच प्रोग्राम विंडोज, लिनक्स आणि मॅकओएसवर चालवायचा आहे आणि संगणकाला जोडलेली सगळी यूएसबी उपकरणे त्यात दाखवायची आहेत: उत्पादकाचे नाव, मॉडेल, सिरियल नंबर, सगळे. लिबयूएसबी ही यूएसबी उपकरणांशी बोलणारी लायब्ररी वापरली तर व्हेंडर आयडी (उत्पादकाचा क्रमांक) आणि प्रॉडक्ट आयडी (मॉडेलचा क्रमांक) तिन्हीकडे नीट येतात, पण लिनक्सवर नावे फक्त रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवल्यावर दिसतात आणि विंडोजवर बहुतेक नावे रिकामीच राहतात. असे का होते, आणि योग्य पद्धत कोणती?

याचे मूळ एका गोष्टीत आहे. यादी काढणे आणि उपकरण उघडणे ही दोन वेगळी कामे आहेत. यादीसाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती ऑपरेटिंग सिस्टिमने उपकरण जोडल्याक्षणीच गोळा केलेली असते. ती तिच्याकडून मागून घ्यायची. उपकरणाशी स्वतः बोलायला गेलात की ड्रायव्हर, परवानग्या आणि टाइमआउट या तिन्ही कटकटी मागे लागतात.

केबल जोडल्यावर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) उपकरणाला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि १८ बाइटांचा डिव्हाइस डिस्क्रिप्टर, म्हणजे उपकरणाने दिलेला स्वतःबद्दलचा तक्ता, वाचतो. व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी, उपकरणाची आवृत्ती, क्लास आणि कॉन्फिगरेशनची संख्या हे सगळे त्यात थेट असते. उत्पादकाचे नाव, मॉडेलचे नाव आणि सिरियल नंबर मात्र त्यात नसतात. त्यांच्या जागी एकेक बाइटाचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाची स्ट्रिंग हवी असेल तर उपकरणाला वेगळी कंट्रोल रिक्वेस्ट पाठवावी लागते. क्रमांक ० असेल तर ती स्ट्रिंग मुळात अस्तित्वातच नाही. म्हणूनच लिबयूएसबी आयडी लगेच देते, पण नावांसाठी उपकरण उघडायला सांगते.

कोड लिहिण्याआधी एक गोष्ट ठरवा: खरोखर सगळी यूएसबी उपकरणे हवी आहेत का? बहुतेक वेळा हवा असतो तो एखाद्या मोजमाप यंत्राचा सिरियल पोर्ट, किंवा बारकोड स्कॅनरसारखे एचआयडी उपकरण (कीबोर्ड, माउस यांच्या वर्गातले). सिरियल पोर्टच हवा असेल तर यूएसबीच्या पातळीवर उतरूच नका. पायथनमध्ये पायसिरियलचे लिस्ट_पोर्ट्स मॉड्यूल आणि क्यूटीमध्ये क्यूसिरियलपोर्टइन्फो हा वर्ग तिन्ही सिस्टिमवर पोर्टचे नाव, दोन्ही आयडी आणि सिरियल नंबर एकत्र देतात. कॉम३ किंवा टीटीवाययूएसबी० हे नाव कोणत्या यूएसबी उपकरणाचे आहे ही जुळवणी सर्वांत किचकट असते आणि ती त्यांनी करून ठेवलेली आहे. एक बारकावा लक्षात असू द्या: विंडोजवर एफटीडीआय या यूएसबी-सिरियल चिपचा पोर्ट त्या कंपनीच्या स्वतःच्या बस ड्रायव्हरखाली दिसतो आणि तिथे सिरियल नंबरच्या शेवटी चॅनेलचे ए किंवा बी हे अक्षर जोडलेले असते. लिनक्सवरच्या सिरियल नंबरशी थेट तुलना केली तर एकच उपकरण दोन वेगळी वाटतात.

एचआयडीसाठी एचआयडीएपीआय ही लायब्ररी वापरा. तिच्या एन्युमरेट फंक्शनला दोन्ही आयडी शून्य दिले की सगळी एचआयडी उपकरणे मिळतात. पण एक उपकरण म्हणजे एक नोंद असे समजू नका. एका उपकरणाचे अनेक इंटरफेस (वेगवेगळ्या कामांचे भाग) असतात, आणि विंडोजवर तर प्रत्येक टॉप-लेव्हल कलेक्शनची (इंटरफेसमधल्या एकेका कामाच्या गटाची) नोंद वेगळी येते. यूसेज पेज आणि यूसेज हे कामाचा प्रकार सांगणारे दोन आकडे पाहूनच हवी ती नोंद निवडावी.

सगळीच उपकरणे हवी असतील तर लिबयूएसबीचा पाया चांगला आहे. क्रम असा ठेवा:

१. लिबयूएसबी_इनिट करून कॉन्टेक्स्ट घ्या. लायब्ररीत लिहीत असाल तर डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट वापरू नका, स्वतःचा घ्या.
२. लिबयूएसबी_गेट_डिव्हाइस_लिस्ट बोलवा. परत येणारी संख्या ऋण असेल तर तो एरर कोड आहे. ती बिनचिन्ह व्हेरिएबलमध्ये साठवली तर लूप बेफाम धावेल.
३. प्रत्येक उपकरणासाठी डिव्हाइस डिस्क्रिप्टर, बस क्रमांक, पत्ता, वेग आणि पोर्ट क्रमांकांची साखळी घ्या. यातल्या कशासाठीही उपकरण उघडावे लागत नाही. साखळीसाठी ७ बाइटांचा अ‍ॅरे पुरतो, कारण यूएसबीची खोली त्यापलीकडे जात नाही.
४. नावे हवी असतील तर आधी आयडीने गाळणी लावा आणि उरलेलीच उपकरणे उघडा.
५. शेवटी लिबयूएसबी_फ्री_डिव्हाइस_लिस्टला दुसरा आर्ग्युमेंट १ द्या. ० दिला आणि संदर्भ स्वतः सोडले नाहीत तर प्रत्येक फेरीत मेमरी गळते. एखादे उपकरण पुढे वापरायचे असेल तर यादी मोकळी करण्याआधीच ते उघडा किंवा त्याचा संदर्भ वाढवून ठेवा.

चौथ्या पायरीतली गाळणी नुसत्या वेगासाठी नाही. स्ट्रिंग मागितल्यावर काही स्वस्त उपकरणांचे फर्मवेअर उत्तरच देत नाही, आणि मग प्रत्येक स्ट्रिंगमागे सुमारे एक सेकंद टाइमआउटमध्ये जातो. अशी तीन-चार उपकरणे हबवर असली की प्रोग्रामचा पडदा गोठतो. झोपलेले उपकरण या मागणीने जागे होते ते वेगळेच. शिवाय नावाच्या शेवटी एएससीआयआय लिहिलेले सोयीचे फंक्शन वापरले तर एएससीआयआयबाहेरच्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते. स्ट्रिंग मुळात यूटीएफ-१६ लिटल एंडियनमध्ये असते. पूर्ण अक्षरे हवी असतील तर शून्य क्रमांकाच्या स्ट्रिंगमधून भाषांचे कोड वाचा, त्यातला पहिला घ्या आणि मूळ फंक्शनने स्ट्रिंग मागा. बहुतेक उपकरणांत हा कोड हेक्स ०४०९ म्हणजे अमेरिकन इंग्रजी असतो, पण तोच असेल असे धरून चालू नका.

आता नावे का येत नाहीत ते पाहू.

लिनक्सवर उपकरण उघडणे म्हणजे /डेव्ह/बस/यूएसबी खालची फाइल लिहिण्याच्या परवानगीसह उघडणे. सामान्य वापरकर्त्याला तिथे सहसा फक्त वाचता येते, म्हणून एरर -३ मिळतो, म्हणजे परवानगी नाही. यावर सुडो (रूट म्हणून चालवणारी आज्ञा) वापरायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो टाळा, कारण निव्वळ यादीसाठी रूटची गरजच नाही. कर्नलने तिन्ही स्ट्रिंग आधीच वाचून सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दिसते ती जागा) ठेवलेल्या असतात आणि त्या कोणालाही वाचता येतात. /सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस या फोल्डरमधल्या नोंदींवरून फिरा. नावात विसर्ग चिन्हासारखा कोलन असेल तर ती इंटरफेसची नोंद आहे, सोडून द्या. नाव यूएसबी१, यूएसबी२ असे असेल तर तो रूट हब, म्हणजे संगणकाच्या आतलाच हब, आहे. त्याचा व्हेंडर आयडी १डी६बी असतो आणि वापरकर्त्याला तो दाखवायची क्वचितच गरज पडते. उरलेल्या प्रत्येक फोल्डरमध्ये आयडीव्हेंडर, आयडीप्रॉडक्ट, मॅन्युफॅक्चरर, प्रॉडक्ट, सिरियल, स्पीड, बसनम आणि डेव्हनम या छोट्या मजकुरी फाइली असतात. आयडी चार हेक्स अंकांत आणि शेवटी नवी ओळ, म्हणून ट्रिम करायला विसरू नका. स्ट्रिंग नसेल तर ती फाइलच नसते. हा एरर समजू नये. वाचता वाचता कोणी केबल काढली तर फोल्डर मध्येच नाहीसे होते, तेव्हा एखादी फाइल न उघडल्यास ती नोंद गाळून पुढे जा, पूर्ण यादी मोडू नका.

फोल्डरचे नावही उपयोगी आहे. १-१.४ म्हणजे बस १, पोर्ट १ वर हब आणि त्या हबचा पोर्ट ४.

पुढे जाऊन उपकरण वापरायचेच असेल तर यूडेव्हचा (लिनक्सवर उपकरणांच्या परवानग्या सांभाळणाऱ्या सेवेचा) नियम लिहा आणि त्यात यूअ‍ॅक्सेस हा टॅग लावा, म्हणजे संगणकापुढे बसलेल्या वापरकर्त्याला परवानगी मिळते. फाइलच्या नावाचा क्रमांक ७३ पेक्षा कमी ठेवा. ९९ ने सुरू होणारी फाइल केली तर नियम दिसायला बरोबर असतो पण टॅगचा परिणाम होत नाही, कारण तो टॅग वाचणारा नियम तोवर चालून गेलेला असतो. यात अनेकांचे तास वाया जातात.

विंडोजवर अडचण वेगळी आहे. तिथे लिबयूएसबी उपकरण उघडू शकते ते त्यावर विनयूएसबी हा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण यूएसबी ड्रायव्हर किंवा तसाच एखादा साधा ड्रायव्हर बसलेला असेल तरच. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, साउंड कार्ड यांवर त्यांचे आपापले ड्रायव्हर असतात, म्हणून उघडताना सहसा -१२ मिळतो, म्हणजे समर्थित नाही. झाडिग हे साधन चालवून ड्रायव्हर बदलणे हा यादीसाठीचा उपाय मुळीच नाही. ड्रायव्हर बदलला की त्या उपकरणाचे मूळ काम बंद पडते. कीबोर्ड किंवा डिस्कवर असे केले तर संगणक वापरणेच अवघड होईल. झाडिग फक्त तुमच्या स्वतःच्या, व्हेंडर क्लासच्या (ठराविक प्रमाण वर्गात न बसणाऱ्या) उपकरणासाठी. फर्मवेअर तुमच्या हातात असेल तर त्यात मायक्रोसॉफ्टचे ओएस डिस्क्रिप्टर (कोणता ड्रायव्हर हवा ते विंडोजला सांगणारे तक्ते) घाला, म्हणजे विंडोज ८ आणि पुढे विनयूएसबी आपोआप बसतो.

विंडोजवर यादीसाठी सेटअपएपीआय ही विंडोजचीच फंक्शने वापरा. सेटअपडीआयगेटक्लासडेव्हस या फंक्शनला यूएसबी डिव्हाइस इंटरफेसचा जीयूआयडी (ठराविक ओळख क्रमांक) द्या आणि सोबत प्रेझेंट व डिव्हाइस इंटरफेस हे दोन फ्लॅग. प्रेझेंट विसरलात तर त्या संगणकाला कधीकाळी जोडलेली सगळी उपकरणे यादीत येतील. उपकरणाचा इन्स्टन्स आयडी घेतला की त्यात व्हीआयडी आणि पीआयडी लिहिलेले असतात आणि शेवटच्या उलट्या तिरक्या रेघेनंतर सिरियल नंबर असतो. उपकरणाला सिरियल नंबर नसेल तर विंडोज तिथे स्वतः तयार केलेला मजकूर ठेवते, ज्याचे दुसरे अक्षर अँपरसँड असते. हे न तपासता तो मजकूर सिरियल नंबर म्हणून साठवणारे प्रोग्राम पुष्कळ आहेत. पोर्ट बदलला की त्यांना तेच उपकरण नवे वाटते.

मॉडेलच्या नावासाठी बसरिपोर्टेडडिव्हाइसडेस्क ही प्रॉपर्टी वाचा. उपकरणाने स्वतः सांगितलेले नाव तिच्यात असते. नेहमीचे डिव्हाइस डिस्क्रिप्शन आणि मॅन्युफॅक्चरर ही दोन मूल्ये ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमधून येतात, म्हणून प्रत्येक पेन ड्राइव्ह तिथे एकाच सर्वसाधारण नावाने दिसतो आणि ते नाव विंडोजच्या भाषेनुसार बदलते. उत्पादकाची खरी स्ट्रिंग किंवा पूर्ण डिस्क्रिप्टर हवाच असेल तर उपकरणाऐवजी त्याचा हब उघडावा लागतो आणि नोड कनेक्शनमधून डिस्क्रिप्टर मागणारा आयओसीटीएल (ड्रायव्हरला द्यायची थेट आज्ञा) पाठवावा लागतो. हबचे पोर्ट १ पासून मोजले जातात. मायक्रोसॉफ्टचा यूएसबीव्ह्यू हा नमुना प्रोग्राम असेच करतो आणि त्याचा कोड वाचण्यासारखा आहे. मात्र उपकरण सिलेक्टिव्ह सस्पेंडमध्ये (वीज वाचवण्यासाठी झोपलेले) असेल तर ही मागणी फसते. ते सदोष आहे असा निष्कर्ष काढू नका. आयडी दाखवा आणि नाव नंतर भरा.

सेटअपएपीआयमधला एक हमखास खड्डा: इंटरफेस डिटेलच्या स्ट्रक्चरमधला आकाराचा आकडा म्हणजे बफरचा आकार नव्हे. तिथे फक्त मूळ स्ट्रक्चरचा आकार लिहायचा. युनिकोडमध्ये तो ३२-बिट प्रोग्रामसाठी ६ आणि ६४-बिटसाठी ८ असतो. सी मध्ये साइझऑफ लिहिले की काम होते, पण सीशार्प किंवा पायथनमधून हाताने आकडा भरताना चुकतो आणि एरर १७८४ येतो.

मॅकओएसवर काम सोपे आहे. आयओकिट या मॅकओएसच्या उपकरणांसाठीच्या चौकटीत आयओयूएसबीहोस्टडिव्हाइस या वर्गाची मॅचिंग डिक्शनरी करा, जुळणाऱ्या सेवा मागवा आणि प्रत्येकीच्या रजिस्ट्री प्रॉपर्टी वाचा: दोन्ही आयडी, उत्पादक, उत्पादन आणि सिरियल नंबरची नावे, आणि लोकेशनआयडी. उपकरण उघडावे लागत नाही. हा वर्ग १०.११ पासून आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी आयओयूएसबीडिव्हाइस. मॅचिंग डिक्शनरीचा एक संदर्भ ते फंक्शन स्वतः खर्च करते, तेव्हा ती परत सोडू नका, आणि दुसऱ्यांदा वापरायची असेल तर आधी रिटेन करा. प्रत्येक सेवा आणि इटरेटर मात्र आपणच सोडायचे. प्रोग्राम सँडबॉक्समध्ये असेल आणि पुढे उपकरण उघडायचे असेल तर यूएसबीची एंटायटलमेंट (प्रोग्राममध्ये नोंदवलेली परवानगी) लागते.

लोकेशनआयडी ३२ बिटांचा असतो. वरचे ८ बिट बसचे आणि नंतरचा प्रत्येक हेक्स अंक एका पातळीवरच्या पोर्टचा. हेक्स १४२४०००० म्हणजे बस हेक्स १४, तिच्या पोर्ट २ वर हब, आणि हबच्या पोर्ट ४ वर उपकरण.

हे तिन्ही मार्ग स्वतः लिहायचे नसतील तर रस्ट भाषेतली एनयूएसबी ही लायब्ररी पाहा. ती यादीसाठी सिस्टिमकडची माहितीच वापरते आणि उपकरण उघडत नाही, हीच मांडणी मला सर्वांत योग्य वाटते. सी किंवा सी++ मध्ये लिबयूएसबी आणि नावांपुरता प्रत्येक सिस्टिमचा छोटा तुकडा, असा मिलाफ पुरतो. एलएसयूएसबी (लिनक्सवर) किंवा सिस्टिम_प्रोफाइलर (मॅकवर) या यादी दाखवणाऱ्या आज्ञा चालवून त्यांचा मजकूर तोडत बसू नका. एलएसयूएसबीच्या ओळीतली नावे बऱ्याचदा आयडीच्या यादीतून आलेली असतात, उपकरणाने सांगितलेली नसतात.

पायथनमध्ये पाययूएसबी ही लिबयूएसबीवर चालणारी लायब्ररी वापरणाऱ्यांना दोन एरर वारंवार दिसतात. नोबॅकएंडएरर म्हणजे लिबयूएसबीची फाइल सापडली नाही, किंवा पायथन ६४-बिट आणि डीएलएल ३२-बिट असा बेमेळ आहे. अ‍ॅपल सिलिकॉनवर होमब्रूची लायब्ररी /ऑप्ट/होमब्रू मध्ये असते आणि दुसरीकडून बसवलेला पायथन तिथे शोधत नाही. दुसरा एरर उपकरणाला भाषेचा कोड नसल्याचे सांगतो. हा संदेश दिशाभूल करतो; लिनक्सवर त्यामागे बहुधा परवानगीच असते, कारण कोड वाचायलाच उपकरण उघडता आलेले नसते.

आता ओळख. तेच उपकरण पुन्हा आले हे कसे ओळखायचे? पत्ता निरुपयोगी आहे, केबल काढून लावली की बदलतो. लिनक्सवरचा बस क्रमांकही रीबूटनंतर बदलू शकतो. व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी आणि सिरियल नंबर हे त्रिकूट सर्वांत चांगले, पण १ए८६:७५२३ या आयडीच्या सीएच३४० यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरमध्ये सहसा सिरियल नंबर नसतो, आणि काही उत्पादक हजारो नगांत एकच सिरियल नंबर छापतात. म्हणून नियम असा ठेवा: सिरियल नंबर असेल आणि सध्याच्या यादीत एकदाच येत असेल तर तो वापरा, नाहीतर पोर्टची साखळी. साखळी उपकरण ओळखत नाही, जागा ओळखते. वापरकर्त्याला तसे स्पष्ट सांगा.

उपकरण कोणत्या प्रकारचे आहे हे डिव्हाइस क्लासवरून ठरवताना ० किंवा हेक्स ईएफ दिसले तर उत्तर इंटरफेसमध्ये शोधा: ३ म्हणजे एचआयडी, ८ म्हणजे साठवण, हेक्स ०ई म्हणजे व्हिडिओ, एफएफ म्हणजे उत्पादकाचे स्वतःचे. यूएसबी ३ चा हब यादीत दोनदा येतो, कारण त्यात खरोखर दोन हब असतात, एक यूएसबी २ चा आणि एक ३ चा. ती डुप्लिकेट नोंद समजून काढू नका. आणि डिस्क्रिप्टरमधली यूएसबी आवृत्ती म्हणजे वेग नव्हे. २.०० लिहिलेले उपकरण १२ मेगाबिटवरही चालत असते. वेग वेगळा विचारावा.

यादी ताजी ठेवण्यासाठी लिबयूएसबीचे हॉटप्लग कॉलबॅक (उपकरण जोडले किंवा काढले की बोलावली जाणारी फंक्शने) आहेत, पण विंडोजवर ते वर्षानुवर्षे नव्हते. आवृत्ती पाहून अंदाज बांधण्यापेक्षा लिबयूएसबी_हॅज_कॅपॅबिलिटीने चालू असतानाच विचारा. सोय नसेल तर विंडोज ८ पासूनचे सीएम_रजिस्टर_नोटिफिकेशन घ्या, त्याला विंडो लागत नाही. किंवा दर दोन सेकंदांनी न उघडता यादी काढून आधीच्या यादीशी ताडून पाहा. साध्या प्रोग्रामला तेवढे पुरते. कॉलबॅकच्या आत उपकरण उघडून स्ट्रिंग वाचू नका, फक्त रांगेत नोंद टाका आणि काम दुसऱ्या थ्रेडला द्या. लिनक्सवर लिबयूडेव्ह थेट वापरत असाल तर मॉनिटरचा स्रोत यूडेव्ह ठेवा. कर्नल ठेवला तर घटना नियम लागू होण्याआधी पोहोचते आणि परवानगी नसल्याचा एरर कधी येतो, कधी येत नाही. मॅकवर नोटिफिकेशनचा इटरेटर एकदा शेवटपर्यंत रिकामा केल्याशिवाय पुढच्या घटना येतच नाहीत. आणि तिन्हीकडे आधी नोंदणी, मग पहिली यादी. क्रम उलटा केला तर मधल्या क्षणात जोडलेले उपकरण कायमचे निसटते.

नोंदीच्या स्ट्रक्चरमध्ये रिकामी स्ट्रिंग आणि न मिळालेली स्ट्रिंग वेगवेगळ्या ठेवा, आणि न मिळण्याचे कारणही सोबत साठवा. तक्रार आली की पहिला प्रश्न तोच असतो. लिबयूएसबीचा पूर्ण लॉग हवा असेल तर लिबयूएसबी_डीबग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ४ करा.

चाचणीसाठी टेबलावर असावे ते असे: एक यूएसबी ३ हब, सिरियल नंबर नसलेले दोन एकसारखे कन्व्हर्टर, एक कॉम्पोझिट (अनेक इंटरफेस असलेले) उपकरण, आणि यादी चालू असताना केबल उपसायची तयारी. डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजच्या आत चालणारे लिनक्स) तपासत असाल तर यूएसबीआयपीडी हे साधन वापरून उपकरण आत जोडेपर्यंत यादीत ते दिसणार नाही, आणि डॉकरमध्ये /डेव्ह/बस/यूएसबी माउंट केले तरी यूडेव्हच्या घटना आत पोहोचत नाहीत. तिथे दर दोन सेकंदांच्या फेरीवरच विसंबावे लागते.